पोटखराबा

सातबाऱ्यावर तिला नाव आहे: पोटखराबा.
तीन हेक्टर चाळीस आर, आकार निरंक.
नांदगावच्या अंगाला, पांझणच्या वळणावर,
जिथे नदी आठ महिने नुसती वाळूची असते
आणि काठाला तरवड, हिवर, कुसळी,
एखादी बोर, तीही वाकून.

मी भूकरमापक. अठरा वर्षं नोकरी.
सहालाच निघालो, रोव्हर खांद्यावर,
आदेश खिशात: हद्द कायम करून द्यावी,
पाच हजार झाडं लावायची आहेत.
झाडं म्हटल्यावर कोण नाही म्हणेल.
मीही म्हटलं नव्हतं.

उखाबाबा शेळ्या घेऊन उभे.
"काय मोजी राहिना भाऊ?"
जमीन, म्हटलं.
"वरनी का खालनी?"
मला हसू आलं. तेव्हा आलं.

तहसीन आधीच तिथे, गुडघ्यांवर,
मालेगावहून पहाटेच्या एसटीने आलेली,
ओढणी कमरेला खोचून.
रंगाच्या रिकाम्या बादल्या तिने
गळ्यापर्यंत जमिनीत पुरल्या होत्या.
रात्री पडेल ते सकाळी मोजायचं, सोडून द्यायचं.
वहीत लिहायची: बादली चार, विंचू एक.
बादली सात, सापसुरळी, पिल्लू, शेपटी लाल.

सापाची मावशी, मी म्हटलं,
चावली की माणूस पाणी मागत नाही.
"चावायला तोंड तेवढं लागतं ना, साहेब,"
आणि तिने ओंजळ माझ्यासमोर धरली.

काडेपेटीत मावेल एवढी.
पाय इतके लहान,
की कुणीतरी आठवण झाल्यावर मागाहून लावलेले.
अंगाला माती चिकटत नाही,
तेल लावलेल्या सुईसारखी वाळू शिवत जाते.
आणि खालच्या पापणीत, तहसीन म्हणाली,
एक पारदर्शक चकती असते, खिडकीसारखी.
डोळे मिटले तरी दिसत राहतं.
मी चष्मा काढून पुसला.
धूळ होती.

मग ती निसटली आणि मी हात घातला.
अडवायला. खोटं कशाला, पकडायलाच.
बोटांत शेपटी राहिली.
ती उघड्या नकाशावर पडली, वळवळत राहिली
गट एकशे सत्तेचाळीसमधून
बांध ओलांडून एकशे एकोणपन्नासमध्ये,
तिथून नाल्यात.
तहसीन काही बोलली नाही.
वहीत लिहिलं: शेपटी नाही. कारण, माणूस.
उखाबाबा म्हणाले, फुटते परत,
पण पहिल्यासारखी नाही. हाड नसतं तिच्यात.

खड्डा दीड फूट बाय दीड फूट.
पाच हजार खड्डे जेसीबी चार दिवसांत काढतो.
जी वीतभर खोल झोपते
तिला चार दिवस कुठे ठेवायची?
घाटाकडे लावा ना झाडं, साहेब, तिकडे होती ती.
इथे गवत आहे, ऊन आहे, भुसभुशीत माती आहे.
एवढंच लागतं यांना. सावली नको.

हद्द मी कायम केली. करावीच लागते.
फक्त शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं:
"सदर जागेत वास्तव्य आहे. खोदकाम करू नये."

अकरा दिवसांनी फाईल परत. लाल शाईत:
"वास्तव्य कोणाचे? केव्हापासून?
अतिक्रमण असल्यास नोटीस बजावावी."

फाईल टेबलावर आहे.
नोटीस चिकटवायला निदान दार तरी हवं,
असं मी शिपायाला म्हटलं. तो हसला नाही.
जेसीबी सध्या शेजारच्या गावात आहे म्हणे,
तळं खोदतोय.

रविवारी पुन्हा गेलो, रोव्हरशिवाय.
बादल्यांवर झाकणं होती.
बोरीखाली वाळूत एक रेघ, बारीक,
मध्येच बुडालेली.
शेपटी तुटलेल्या अंगाची रेघ कशी उमटते
मला माहीत नाही.
बराच वेळ वाकून बघत राहिलो.
उखाबाबा मागून म्हणाले,
पाय जरा बाजूला घ्या.