अंधारात धरायचा कागद

मंगळवारी एल्मिनाला कुणी समुद्रात जात नाही.
होड्या वाळूवर आडव्या, जाळी सांधायला काढलेली,
आणि बाजारात येते ती सोमवारची मासळी,
बर्फाच्या भरवशावर.

मावशी जन्मली मंगळवारची, म्हणून अराबा.
चाळीस वर्षं तिनं मासे धुरावर धरले
आणि त्या धुरानं तिचं नाक खाल्लं.
हे फक्त मला माहीत.
घाटावर अजून ती कल्ला उचलते, हुंगते, भाव पाडते,
नजर मात्र माशावर नसते,
विकणारीच्या चेहऱ्यावर असते.

केप कोस्टच्या प्रयोगशाळेतून मी कागद आणला.
नखाएवढा. थेंब पळू नये म्हणून कडेनं मेणाची रेघ,
मध्ये छापलेली काळी शाई,
तिच्यावर वाळलेला एक नारिंगी डाग.
लिंबापेक्षा स्वस्त. एकदा वापरायचा, भट्टीत टाकायचा.
"मग इतका जपून का धरतेस?" ती म्हणाली.

माशाच्या अंगचं पाणी त्यावर टिपलं,
फोनच्या कानात तार खुपसली.
फोननं एक सूर सोडला, कुणाला ऐकू न येणारा,
फक्त कागदासाठी.
आम्ही दोघी एका जाड कापडाखाली,
डोक्याला डोकं, घामाच्या धारा.
बाहेर बायका हसत होत्या.

पहिला बांगडा: काही नाही.
दुसरा: काही नाही.
"बिघडलाय तुझा कागद."
नाही गं, काळोख म्हणजे ताजा.
मासा जितका उतरलेला, तितका हा उजळतो.
ती गप्प झाली. मग पुटपुटली,
"उलट्या काळजाचा आहे मेला."

चौथ्या टोपलीला तो लागला.
काजव्याहून मंद, पामच्या पिकल्या फळासारखा,
दोन श्वास थांबला आणि गेला.
फोनवर आकडा आला, तो तिनं पाहिलाच नाही.
माझं मनगट घट्ट धरून म्हणाली, "परत लाव."
एकदाच लागतो, मावशी.

कापड फेकून ती उठली.
टोपली आडोमाची होती, तिच्याच गल्लीतली.
मावशीनं कल्ला उचलला,
सगळ्यांदेखत छाती भरून वास घेतला
आणि नाक मुरडलं, कितीतरी वर्षांनी खरंखुरं.
"बर्फात काटकसर केलीस, आडोमा."
आडोमानं मान खाली घातली.
मागून कुणीतरी म्हणालं, अराबाचं नाक ते!

रात्री भट्टी पेटवताना
तिनं कमरेची गाठ सोडली, नाणी मोजली.
नाण्यांत तो कागद होता, विझलेला.
भट्टीत टाकला नाही.
मलाही काही विचारलं नाही,
एवढंच, की पुढच्या मंगळवारी किती आणशील.