भाषणाचा सहावा मसुदा

आमच्या परराष्ट्र खात्यात एकच टेबलपंखा.
तो माझ्याकडे वळला की पासेमेताबाई घाम पुसतात,
त्यांच्याकडे वळला की मी.

न्यूयॉर्कला आपल्या वाट्याला तीन मिनिटं.
तीन मिनिटांत माझी स्कूटर
धावपट्टीच्या या टोकाहून त्या टोकाला जाते,
तीही मधे कुणी व्हॉलीबॉल खेळत नसेल तर.

पहिल्या मसुद्यात लिहिलं:
‘तुवालू आंतरराष्ट्रीय सहकार्याशी बांधील आहे.’
बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला.
‘बांधील सगळेच असतात.
बांधायला दोर लागतो, पोरी.
दोर कुठाय ते लिही.’

दुसऱ्यात आकडे घातले:
किती चौरस किलोमीटर, किती माणसं,
भरतीचं खारं पाणी कुणाकुणाच्या
पुलाकाच्या खड्ड्यात शिरलं.
‘आकडे ऐकून दया येते,’ त्या म्हणाल्या,
‘आणि दया आली की माणूस खिसा चाचपतो,
कान देत नाही.’

तिसरा रागाचा होता. तो मीच फाडला.
चौथा कुठल्याही देशाला चालला असता.

पाचव्याच्या वेळी पानापामामा आठवला.

इंजिन बंद पडून एकोणीस दिवस वाहत गेलेला,
ओठांवर मिठाची साय,
बोटीच्या तळाशी शहाळ्याची कोरडी कवटी.
विसाव्या दिवशी एक ट्रॉलर.
वरून दोर पडला.
ओढून घेणाऱ्यांच्या भाषा चार,
मामाला त्यातली एकही येईना.
स्वयंपाक्यानं वाडग्यात भात दिला, पेजेसारखा मऊ,
आणि मामा भराभर गिळू लागला तेव्हा
त्याचं मनगट धरून ठेवलं.
सावकाश.

घरी परतल्यावर आठ दिवसांनी
मामा खात्यात आला,
शर्टाची सगळी बटणं लावून.
म्हणाला, त्या ट्रॉलरला आपल्या पाण्यात परवाना नव्हता.
खालचं कोठार पाहिलं मी. ट्यूनानं भरलेलं.
आपल्या.

पंखा आम्हा दोघींच्या मधेच कुठेतरी अडकला.

ज्यानं पाण्यातून काढलं
त्याला पाण्यात कसं पाहायचं?
आणि नाही पाहायचं, तर काय
आपल्या पाण्यावरच पाणी सोडायचं?

मामानं पेन्सिल मागितली. जहाजाचा नंबर लिहिला,
एक आकडा खोडून परत नीट काढला.
‘दोन पत्रं लिहा,’ म्हणाला.
‘एक दंडाचं, एक आभाराचं.
दोन्ही एकाच पाकिटात घाला.
आभाराचं वर ठेवा.’

आमच्याकडे एक शब्द आहे, फालेपिली:
घराला लागून असलेलं घर,
आणि त्या घराचं आपण जे देणं लागतो ते.
शेजारधर्म म्हणा.
समुद्रात भिंत कुठे संपते ते कळत नाही,
म्हणून शेजार मोजताना
आम्हाला हात आखडता घेता येत नाही.

तर, सहावा.
त्यात दोर आहे, भात आहे, मनगट आहे,
दंडाची रक्कम आहे. ती अजून आलेली नाही,
हेही आहे.
बाईंनी घड्याळ लावून मोठ्यानं वाचायला सांगितलं.
तीन मिनिटं अकरा सेकंद.

‘तांबडा दिवा लागेल,’ मी म्हटलं. ‘काय गाळू?’
तुर्कमेनिस्तान आणि युगांडा यांच्या मधली
ती आपली खुर्ची डोळ्यांपुढे आली,
तिच्यासमोर माइक,
बाकी खुर्च्यांसमोर असतो तेवढाच.
बाहेर विमानाचा भोंगा झाला.
पोरं नेट गुंडाळून कडेला पळाली.

बाईंनी पेन उचललं.
‘सन्माननीय’ दोन ठिकाणी गेलं. ‘बांधील’ गेलं.
समुद्राची पातळीसुद्धा गेली,
ती जाईल असं मला वाटलं नव्हतं.
पेन भातापाशी येऊन थांबलं.

‘हे राहू दे,’ त्या म्हणाल्या.
मग जरा वेळानं,
‘मनगटही.’