कपाटाच्या दाराची आतली बाजू

दर ऑगस्टला शाळा हा फ्लॅट रंगवून घेते.
भिंती, चौकटी, बाल्कनीचे गज,
मागच्या भाडेकरूने ठोकलेल्या खिळ्याचं भोकसुद्धा
लांबी भरून बुजवतात.
फक्त स्वयंपाकघरातल्या कपाटाचं दार
आतून तसंच राहतं.
कोण बघतंय?

मी बघितलं, मीठ शोधताना,
आल्मातीतल्या पहिल्या रात्री.
पेन्सिलीचं तिरपं अक्षर:
'हीटिंग पंधरा ऑक्टोबरला सुरू होतं. त्याआधी कितीही रडा.'
खाली दुसरं कुणी, टोक मोडेस्तोवर दाबून:
'विमानाचं भाडं परत देतात. अकराव्या महिन्यात.'
मग केमिस्ट्रीचा फराई, मुतारेचा, सहीसकट:
'आजारी पडायचं तर शनिवारी.'
आणि कोपऱ्यात, बिजागरीपाशी, नाव नाही, तारीख नाही:
'मुलं चांगली आहेत. त्यांच्यावर राग काढू नका.'

मी हसले होते तेव्हा.
बॅगेत बत्तीस पानी करार होता
आणि माझा समज असा, की मी पानं वाचते.

चोवीस तासिका लिहिल्या होत्या. एकतीस झाल्या.
पासपोर्ट 'नोंदणीसाठी' नेला, नऊ दिवस ऑफिसात राहिला,
त्या नऊ दिवसांत मी रस्ता ओलांडतानाही
दोनदा मागे बघायची.
विश्वस्तांच्या पुतण्याचे एक्केचाळीस गुण
एका रात्रीत अडुसष्ट झाले. त्याला पुनर्विचार म्हणतात.
कलम एकोणीस: गेल्यावर शाळेबद्दल ब्र काढायचा नाही,
नाहीतर शेवटचे दोन पगार विसरायचे.
तोंड दाबून बुक्क्यांचा मार,
पण नीट टाइप केलेला, शिक्क्यासह.

हे सगळं लिहायला दार पुरणार नाही.
आणि मग रौआनचं काय करू?
इली नदीचा नकाशा काढता काढता
तो म्हणाला होता, मिस ओर्ला,
ही तर बल्खाशमध्येच संपते,
समुद्रापर्यंत पोचलीच नाही, तरी नदीच म्हणायचं ना?
त्या दिवशी खिडकीतून डोंगर स्वच्छ दिसत होते.
हेही खरं आहे. हे कुठे लिहू?

पहाटे चारचं विमान. रात्री नऊला मकपाल आली,
सामानाची यादी घेऊन: चमचे सहा, तवे दोन, पडदे.
चार वर्षं माझ्याच वर्गात उभी राहणारी मकपाल,
जी मुलांचं रडणं तीन भाषांत थांबवते
आणि जिला माझ्या पगाराचा चौथा हिस्सा मिळतो,
कारण तिच्या करारात एक शब्द आहे: 'स्थानिक'.
माझ्या हातातली पेन्सिल मी पाठीमागे लपवली.
ती म्हणाली, 'लपवू नका.
दर ऑगस्टला रंगाऱ्यांना मीच सांगते,
हे दार आतून राहू द्या म्हणून.'

मला काही सुचेना. चहा करू का, विचारलं,
आणि आठवलं, किटली खोक्यात गेली.

'तुम्ही लिहिता आणि जाता,' ती म्हणाली.
आवाजात तक्रार नव्हती,
हजेरी घेतो तसा आवाज.
'मी कुठे लिहू? मला तर इथेच राहायचंय.'

मी पेन्सिल पुढे केली.
तिने बराच वेळ घेतला, जागा निवडण्यात,
मग फराईच्या सहीखाली, कझाकमध्ये, एकच ओळ.
मी विचारलं, काय लिहिलंस?
दोन वर्षं राहून मला भाजी घेण्यापुरतीच भाषा आलेली,
तीही आकड्यांची.
'पुढची शिकून आली तर वाचेल,' ती म्हणाली,
दार लावलं,
यादीत 'कपाट' समोर लिहिलं: सुस्थितीत.

मग चमचे मोजले.
पाचच भरले.
आम्ही दोघी गुडघ्यांवर बसून
ओट्याखाली सहावा शोधत राहिलो.