बेल्ट बदलल्यावर

आरवाडे वकिलांच्या धाकट्यानं टाकलेला डेक,
आत कॅसेट तशीच राहिलेली, नाव नसलेली.
हेडवर हळदीची पिवळी साय.
सांगलीच्या मार्केट यार्डापासून शंभर पावलांवर दुकान,
तिथं सगळ्याच गाण्यांवर हळद बसायची.
स्पिरिटचा बोळा फिरवून मी ती पुसली,
बेल्ट बदलला.
दस्तगीरचाचा म्हणाले, एक गाणं पुरतं ऐक, सुकुमार.
सूर हलला नाही तर झालं काम.

एक गाणं.
म्हणजे माझ्या हिशेबानं पाच मिनिटं,
दोन कडवी, एक भडंगाची पुडी.

आधी काहीच नव्हतं. मग लांबून
कुणीतरी पत्र्यावर वाळू ओतत असल्यासारखं.
मग गिटार. मग एक माणूस गायला,
चार ओळी, इंग्रजीत,
मला त्यातला फक्त रिव्हर कळला,
आणि तो गप्प झाला.
मी बटणाकडं बोट नेलं.
गाणं संपलं नव्हतं.
तो नुसता उठून गेला होता
आणि त्याच्यामागं घर चालू होतं,
कुणी जिना चढत होतं, कुणी भांडी लावत होतं,
कुणाला तो गेल्याचं माहीतही नव्हतं.

ड्रम मोजायला गेलो.
आमच्या गल्लीत ढोलकी आठ मोजायची.
इथं सातच.
घाट उतरताना, पूर ओसरल्यावर,
आठवी पायरी आहे समजून पाय टाकावा
आणि गाळ आधीच येऊन उभा,
तसा दर वेळी गुडघ्यात हिसका.

पोती उतरवून निघालेला बापू हमाल दारात थबकला.
"गाणं हाय का बोअर मारायलाय?"
चाचा हसले नाहीत.
सोल्डरिंगचं टोक त्यांनी स्टँडवर टेकवलं,
राळेचा धूर सरळ वर जात राहिला.
नववं मिनिट. अकरावं.
मग ऑर्गन, तसलाच,
संगीत नाटकात पायानं हवा भरतात तो,
पण याला कुणी नदीभर हवा दिलेली.
बापू पायरीवर बसला.
गिऱ्हाईक रेडिओ घेऊन उभं होतं म्हणे,
मला ते दिसलं नाही.

चौदाव्या मिनिटाला लाईट गेली.

एकदम नाही थांबलं काही.
गिटार वाकली, ऑर्गन घोगरा झाला,
सगळे मिळून एका विहिरीत उतरले
आणि वर झाकण पडलं.

दीड तास. चाचांनी मेणबत्ती लावली नाही.
अंधारात आम्ही भडंग खाल्लं,
भाजका लसूण दाताखाली केवढ्यानं वाजायचा.
मी मनात पुढचं जुळवत बसलो, सात, सात, सात.
काउंटरच्या काचेवर चाचांची बोटं.
ऐकलं तर तीही सातच.
कुणी काही बोललं नाही.

लाईट आली.
प्लेचं बटण दाबलेलंच होतं.
तळातून एक गुरगुर निघाली,
जड, ओली, चढत चढत आली,
आणि तोंडाशी येता येता तिची गिटार झाली.
तेव्हा माझ्या मानेवर जे काही
जाऊ दे.

तेवीस मिनिटांचं गाणं संपलं, बटण खटकन उडालं.
त्या बाजूला दुसरं काही नव्हतंच.
चाचा म्हणाले, स्पीड बरोबर आहे.
पावतीवर लिहिलं: बेल्ट, रुपये पस्तीस.

परवा भाचीनं मोबाइलवर शोधून दिलं,
मी गुणगुणलो तेवढ्यावरून.
स्वच्छ. हळदीचा कण नाही.
चौदावं मिनिट आलं आणि गेलं,
गिटार सरळ चालत राहिली,
वाटेत विहीर नव्हतीच कधी अशी.
"ओरिजिनल असंच आहे, मामा."

असेल.

मी मागं घेतलं, चौदावर आणलं,
थांबवलं.
घरात लाईट होती, पंखा फिरत होता.
म्हटलं, डब्यात भडंग आहे का बघ जरा.