चोवीस मिलिमीटर

सकाळी साडेआठला इन्क्युबेटर उघडते.
आधी वास येतो, आंबूस, उबदार,
मग थाळ्या. झाकणावर माझंच अक्षर:
सदतीस, अडतीस, एक्केचाळीस.
नावं लिहायची नाहीत, डॉ. मगदूम म्हणतात,
नावानं हात कलतो.

पण सदतीस म्हणजे बाबालालचाचा,
हे मिरजेत कुणापासून लपणार?
सतारीच्या घोडीची जवारी घासताना कानस निसटली,
तर्जनीत पू झाला.
संमतीपत्राची पाच पानं
नातवाकडून दोनदा वाचून घेऊन त्यांनी विचारलं,
"गोळ्या सात दिवस की चौदा, हे चिठ्ठी ठरवणार?
डॉक्टर नाही?"
डॉक्टरांनाच माहीत नाही, चाचा,
म्हणून तर हा खटाटोप.
अंगठा नको म्हणाले.
सुजल्या बोटानं सही केली, वेळ लावून.

त्यांच्या थाळीवर हळदीच्या रंगाचं दाट पीक,
सांगलीच्या पेठेत सौदा निघावा असं.
त्यात कागदाच्या चकत्या,
आणि औषध पोचलं तिथवर मोकळं रान.
पट्टी लावते. चोवीस मिलिमीटर.
बावीसला चालतं.

एक्केचाळीस.
बारा चकत्या, आणि पीक
प्रत्येकीच्या अंगाला घासून उभं.
अशा वेळी शून्य लिहायचं नसतं,
चकतीचा स्वतःचा व्यास लिहायचा: सहा.
बारा वेळा सहा लिहिलं.

कुपवाडच्या सूतगिरणीत धागा जोडणारी बाई,
पोटरीला जखम,
दुकानातून दोन-दोन गोळ्या सुट्या घेऊन
महिनाभर काढलेला.
प्रोटोकॉलप्रमाणे: अभ्यासातून वगळली.
आमच्या तक्त्यात तिच्यापुढे आता एक आडवी रेघ.
एकदा जिना चढून वॉर्डात गेले.
चादर बदललेली होती.
सिस्टर म्हणाल्या, "नेलं तिला,"
आणि दुसऱ्या खाटेकडे वळल्या.
कुठे, ते मी विचारलं नाही.

अठ्ठाविसाव्या दिवशी चाचा आले.
ताप? नाही. सूज? नाही. ठणका? नाही.
बोटावर नवं नख, कोवळं.
जाता जाता दारातच थांबले, मान तिरकी.
"बेटा, तुझा फ्रिज उतरलाय."
म्हणजे?
"सूर. परवा आलो तेव्हा वर होता."
फॉर्मवर याला रकाना नव्हता.

मी हसले. मग उठून काटा पाहिला.
अकरा अंश. हवेत दोन ते आठ.
चकत्या त्याच फ्रिजात.
कधीपासून, कोण सांगणार?
वहीत रोज सकाळी "चार" लिहिलेलं,
माझ्याच अक्षरात.

डॉ. मगदूम काहीच बोलले नाहीत,
चष्मा काढून पुसत राहिले.
नव्या चकत्यांची पेटी मागवली आहे,
सगळ्या थाळ्या पुन्हा लावायच्या.
ग्लिसरॉलमध्ये झोपवलेल्या कुप्या
डीप फ्रीझरमधून एकेक काढते.
सहाच येणार, मलाही माहीत आहे.
तरी पहिली कुपी घेतली
एक्केचाळीसची.