बजावणी

आमच्या काउंटीच्या कायद्यात एक जुनी ओळ आहे:
शेरीफवर समन्स काढायचं झालं
तर ते शेरीफ नेणार नाही, हे उघड.
ते कॉरोनरनं न्यावं.
म्हणजे मी, लूथर व्हिझनंट.
दिवसा अंत्यसंस्कारांचं दुकान,
रात्री-अपरात्री मृतांचे पंचनामे.
माझ्या चोवीस वर्षांत ती ओळ कुणी उघडली नव्हती.

माझ्या फॉर्मवर पाच रकाने असतात:
नैसर्गिक, अपघात, आत्महत्या, खून,
आणि हात टेकले की, अनिश्चित.
नोव्हेंबरच्या त्या मंगळवारी जे गेलं
ते यातल्या कुठल्यात बसवू?

अग्निशमन केंद्रात मतदान होतं.
दारासमोर शेरीफच्या तीन गाड्या,
सायरन बंद, टपावरचे दिवे मात्र फिरते,
निळा, निळा, रांगेतल्या तोंडांवरून निळा.
कुणाला हात लावला नाही.
हे वेंडेल क्रूस पुढे तीनदा सांगणार होता,
आणि ते खरंच होतं.
चर्चची व्हॅन तेवढी गिरणीच्या वळणावर थांबवली,
मागचा दिवा फुटका म्हणून.
आत सात माणसं, सगळी सत्तरीपुढची.
लायसन्स, विमा, मग पुन्हा लायसन्स.
साडेसहा झाले. सात झाले. केंद्र बंद.
मग डेप्युटी म्हणाला, जा आता,
दिवा तेवढा बदलून घ्या.

ओझेला ट्रॅमेल त्या व्हॅनमध्ये होत्या.
त्यांच्या नवऱ्याला मी पुरलंय, एका मुलालाही.
आदल्या आठवड्यात क्रूस स्वतः त्यांच्या पायरीवर आला होता,
टोपी काढून, अदबीनं.
"मिस ओझेला, यंदा गर्दी फार आहे. तुमच्या वयात कशाला?"
एवढंच बजावून गेला.
एकावन्न वर्षं हक्क बजावलेली बाई
रात्रभर स्वयंपाकघरात दिवा लावून बसली.

रविवारी दुपारी मी कागद घेऊन त्याच्या घरी गेलो.
तो अंगणात कुत्र्याला आंघोळ घालत होता.
माझी गाडी दिसली की सगळे विचारतात तेच त्यानं विचारलं:
"कोण गेलं?"
मी म्हटलं, हात पूस आधी.
त्यानं चष्मा शोधला, उभ्यानंच वाचलं,
कोपरावरून साबणाचा फेस ठिबकत होता दुसऱ्या पानावर.

वीस वर्षं आम्ही एकाच हायवेवर
काचांच्या एकाच चुऱ्यात उभे राहिलोय,
एका थर्मासमधली कॉफी पीत.
एकदा मूल होतं आत. तेव्हा तो रडला होता, मी पाहिलंय.
हे का सांगतोय ठाऊक नाही.
समन्समध्ये ते नाही.

"लूथर," तो म्हणाला,
"पुढच्या वेळी तुझंही नाव त्याच मतपत्रिकेवर असेल."
"असेल की. तुझ्या खालीच."

परतताना आरशात एक गाडी.
दिवे नाहीत, घाई नाही.
पस्तीसची मर्यादा, मी तेहेतीसनं चाललो,
दोन्ही हात स्टिअरिंगवर, दिसतील असे.
फाटकापर्यंत आली, वळून गेली.
कुणी हात लावला नाही.

गुरुवारी सुनावणी आहे, दुसऱ्या काउंटीत, साठ मैलांवर.
व्हॅन द्यायला आता कुणी तयार नाही.
ओझेलाबाईंना फोन केला. म्हटलं,
मोठी गाडी माझ्याकडे एकच,
आणि ती कसली हे तुम्हाला माहीत आहे.
ती दिसली की या भागात सगळे बाजूला थांबतात,
टोप्या उतरतात, डेप्युटींच्यासुद्धा.
पलीकडे बराच वेळ काहीच नाही.
मग म्हणाल्या, "मागचे दिवे लागतात ना तिचे?"
लागतात.
"मग पुढं बसेन मी. मागं बसायला वेळ आहे अजून."

रात्री मी तरीही जाऊन पाहिले.
दोन्ही.