शहाण्णव शून्य सहा

बॅलार्ड इस्टेटच्या तिसऱ्या मजल्यावर
मी वस्तूंची नावं पुसून आकडे घालते.
एकवीस वर्षं हेच.
खजूर शून्य आठ शून्य चार,
छत्री सहासष्ट शून्य एक,
बटण शहाण्णव शून्य सहा.
काही माल अडतो. खेळण्यातली बंदूक
खेळणं की बंदूक, यावर डायससाहेबांनी
एकदा सबंध गुरुवार काढला.

हेरंबभावजींचा बटणांचा गाळा साकीनाक्याला,
रिक्षा वळत नाही अशा गल्लीत.
चार भोकांची, शिंपल्यासारखी बटणं,
ग्रोसवर विकायची.
ग्रोस म्हणजे एकशे चव्वेचाळीस,
हे त्यांनीच मला शिकवलं, लग्नानंतर,
ओट्यावर बटणं डाळीसारखी पसरून.

बटणांवरची ड्युटी उतरली
ते राजपत्राचं पान घरात मीच आधी वाचलं.
पंधरा दिवसांत न्हावाशेव्याला कंटेनर लागला.
बटणं. किलोवर.
कागद माझ्याच टेबलावर.
एक आकडा चुकवला असता
तर आठवडाभर सडला असता माल.
बटणं सडत नाहीत म्हणा.
आकडे बरोबर घातले. महिनाअखेर पगार झाला.

रविवारी जेवायला सगळे होते.
भावजी म्हणाले, सरकारने दाराला कडी घालावी.
आमचा तन्मय टीवायला, अर्थशास्त्र घेतलंय,
म्हणाला, काका, कडी घातली की शर्ट महाग.
मग भिवंडीत शर्ट शिवणारे, त्यांना हात नाहीत?
"हात मोज," भावजी म्हणाले,
"माझ्याकडे अकरा जोड्या होत्या."
मग आवाज चढले. रस्सा गार झाला.

सासूबाई एकेकाच्या तोंडाकडे वळून ऐकत होत्या.
कानातलं यंत्र परदेशी,
नव्वद एकवीस, ड्युटी माफ,
म्हणून तर परवडलं.
त्याआधी सहा वर्षं त्या नुसत्या हसायच्या.
आता त्यांनी कानामागे बोट नेलं
आणि बटण दाबून
आम्हाला सगळ्यांना बंद केलं.

निघताना भावजींनी खिशातून पुडी काढली.
"निळी आहेत. शेवटचा लॉट. साचे भंगारात दिले."

तन्मयच्या शर्टाचं वरून दुसरं बटण
केव्हाचं तुटलंय.
सुई ओवून ठेवलीय.
पुडी तशीच, मसाल्याच्या डब्याशेजारी,
वर त्यांच्या अक्षरात: १ ग्रोस.
मोजली तर एकशे पंचेचाळीस भरतील.
ते नेहमी एक जास्त टाकायचे.